हाराचे खिळे

गिऱ्हाईक दुकानात येतं, पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवतं, तेव्हा आमचा पहिला प्रश्न पट्टीचा नसतो आणि काचेचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "हार घालायचा का?" फोटोतला माणूस हयात आहे की गेला, हे कुणाला तोंडावर विचारता येत नाही. घरात नुकतीच माती झालेली असते आणि समोरचा माणूस मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी ओढून उभा असतो. म्हणून हा आडवळणाचा प्रश्न. हो म्हटलं की फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांत मी दोन छोटे पितळी खिळे मारतो, हार अडकवायला. नाही म्हटलं की खिळे नाहीत. परळीतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात माझा जन्म हा प्रश्न विचारण्यात गेला.

मी मुसलमान. आमच्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो लावायची पद्धत नाही. अख्ख्या तालुक्याच्या भिंती मी भरल्या आणि माझ्या घराच्या भिंती मोकळ्या राहिल्या. देवदर्शनाला आलेले लोक वैजनाथाची तसबीर माझ्याकडूनच नेतात, आणि नेताना मला विचारतात, "भाई, देव कुठल्या दिशेला लावू?" मी सांगतोही. इतकी वर्षं सांगतोय, अजून कुणाची तक्रार आलेली नाही.

हाराच्या प्रश्नानं मला गोत्यातही आणलं आहे. एकदा एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता साहेबांचा भला मोठा फोटो घेऊन आला. मी सवयीनं विचारलं. तो म्हणाला, घालायचाच की, ढिगानं घालायचे हायत. मी खिळे मारून दिले. फोटो कार्यालयात लागला, त्याला हारही पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांचे म्हातारे चुलते गावाकडून काही कामासाठी आले. फोटो, खिळे, हार एका नजरेत पाहून ते तिथंच बसले आणि ढसाढसा रडायला लागले. तेवढ्यात साहेब आतल्या खोलीतून चहाचा कप घेऊन बाहेर आले. पुढचं मी सांगत नाही. तेव्हापासून मी प्रश्नाला शेपूट जोडलं आहे, "हार रोजचा, का कार्यक्रमापुरता?"

आणि धारूरकडची एक बाई मला विसरता येत नाही. लग्नातला जोडीचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, एकच खिळा मारा, नवऱ्याच्या बाजूला. मला वाटलं, बिचारी एकटी पडली. मी समजावलं की ताई, एका खिळ्यावर हार राहत नाही, घसरतो. ती म्हणाली, "घसरू द्या. त्यो बी घसरलाच हाय." नवरा पुण्यात दुसरा संसार थाटून मजेत होता. मी मुकाट्यानं एक खिळा मारून दिला. तो हार रोज घसरत असणार आणि ती बाई रोज तो परत घालत असणार, असं मला अजून वाटतं.

बाकी धंदा सोपा आहे. चार पट्ट्या, चार कोपरे. पट्टी तिरकी कापायची आणि कोपऱ्याला कोपरा असा भिडवायचा की मध्ये नख जाता कामा नये. मागं पुठ्ठा, पुढं काच, कडेनं चिकटपट्टी, आणि टांगायला कडी. कारागिरी काय ती कोपऱ्यात. बघणारा फोटो बघतो, मी कुणाच्याही घरी गेलो की आधी कोपरे बघतो. परळीत मात्र काचेशिवाय कुणी फ्रेम नेत नाही. वीज केंद्राची राख वाऱ्यावर येते, सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. पूर्वजांचे चेहरे रोज पुसावे लागतात, त्या निमित्तानं त्यांची आठवणही निघते.

अशा माझ्या दुकानात एके दिवशी रेणुका बिनकाचेचं चित्र घेऊन आली. तिची गोष्ट सांगायची तर आधी तिच्या बापाची सांगायला हवी.

गणपत मास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. ब्रास बँडमध्ये ते क्लारनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि गाल फुगवून वाजवायला लागले की नवरदेवाचं घोडंसुद्धा कान टवकारायचं. परळी, वडवणी, पाटोदा, माजलगाव, कुठंही मोठ्या घरचं लग्न असलं की मास्तरांशिवाय वरात दारातून हलायची नाही. माझ्या लग्नातही त्यांनीच वाजवलं. काझीसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाय हलत होते ते मी पाहिलं.

रेणुका लहान असतानाच मास्तरांची बायको कलावती गेली. तिच्या फोटोला फ्रेम मी केली, खिळेही मीच मारले. घरात पोरीला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मास्तर तिला बँडबरोबर न्यायला लागले. मंडळी गोल करून उभी राहायची आणि ही त्या गोलात, बापाच्या पायाशी बसून राहायची. लोक म्हणायचे, मास्तर, पोरीचे कान फुटतील. मास्तर म्हणायचे, कान न्हाईत फुटत, आन ती माझ्या डोळ्यापुढं ऱ्हाती.

मग डीजे आले. बँड गेला तो गेलाच. तरीही एखाद्या जुन्या माणसाला हौस असायची, तो मास्तरांना बोलवायचा. पण क्लारनेट वाजवायला वरचे दात लागतात, वाद्याचं तोंड त्यांच्याखाली धरावं लागतं. मास्तरांचे दात एकेक करत गेले. त्यांनी कवळी बसवून घेतली. एका लग्नात ऐन रंगात आले असताना कवळी निसटली आणि क्लारनेटबरोबर बाहेर आली. सगळा मांडव हसला. मीही त्या मांडवात होतो. मास्तरांनी कवळी रुमालात गुंडाळली, क्लारनेट पेटीत ठेवलं आणि चालत घरी आले. ती पेटी परत उघडली नाही. गावातली टवाळ पोरं त्यांना बोळका मास्तर म्हणायला लागली.

रेणुका तोवर औरंगाबादला चित्रकला शिकून पुण्याच्या एका शाळेत शिक्षिका झाली होती. तिनं बापाचं तैलचित्र काढलं. ते पुण्याच्या एका प्रदर्शनात लागलं, लोकांनी नावाजलं. प्रदर्शन संपल्यावर तिनं ते चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर धरून परळीला आणलं. आईच्या फोटोशेजारी ते लावायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. घरी जायच्या आधी ती माझ्याकडं आली, कारण तिला ते फ्रेम करूनच बापाच्या हातात द्यायचं होतं.

तिनं चादर सोडली. मी आयुष्यात इतके चेहरे हाताळले, पण असा नाही. एका बाजूचा गाल हिरवा, दुसरा विटकरी. डोकं लिंबाएवढं आणि तेही पार वर, आभाळात. डोळे म्हणजे मिटलेल्या दोन रेघा. लाल कोट होता, पण एखादा डोंगर उभा कापावा तसा. तोंड नव्हतं. क्लारनेटची काळी नळी थेट गालात घुसलेली. आणि खाली, सगळ्यात पुढं, नळीखाली एक अंगठा. हा एवढा मोठा, बटाट्यासारखा, पिवळा, वर गाठ आलेला. आणि या सगळ्याला वास कसला, तर जवसाच्या चटणीचा. रेणुका म्हणाली, या रंगात जवसाचंच तेल असतं, चाचा. तेवढी एक गोष्ट मला त्या चित्रात ओळखीची सापडली.

मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "हार घालायचा का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "चाचा, बाबा रोज तुमच्याकडं चहा प्यायला येतात ना?"

मास्तर रोज माझ्या दुकानात बसतात, आणि मी त्यांना ओळखलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पट्टीचा भाव सांगायचंही विसरलो. तिनं सांगितलं तशी साधी काळी पट्टी लावली. काच नको म्हणाली, तैलचित्राला काच लावत नाहीत, रंगांना श्वास घ्यायला लागतो. चित्र आणि पट्टीच्या मध्ये चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा म्हणाली. इतकी वर्षं नख जाऊ नये म्हणून जीव टाकला आणि आता ही पोरगी बोट जाईल एवढी फट मागत होती. केली. खिळे अर्थातच मारले नाहीत.

मास्तरांना दुकानातच बोलावलं. ते आले, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. रेणुका काउंटरला टेकून चादरीची घडी घालत होती, मोडत होती.

"हे कोन?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही, बाबा."

"माझं तोंड कावून काढलं न्हाई मग?"

ती काहीतरी बोलली, चित्राच्या भाषेतलं, ते मलाही समजलं नाही आणि मास्तरांनाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्या भिंतीवर तुझ्या आईचा फोटो हाय, तिथं असलं भूत लावायचं न्हाई, म्हणाले, आणि निघून गेले. रेणुका तिथंच स्टुलावर बसून रडली. मी चहा मागवला, तो तसाच निवून गेला. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली आणि चित्र माझ्याकडं राहिलं.

ठेवायचं कुठं? खाली ठेवलं तर गिऱ्हाइकं त्या जाड रंगावर बोटं फिरवायची, एकानं तर नखानं थोडा उकरूनही पाहिला. म्हणून पंख्याच्या वर, छताला लागून भिंतीवर टांगलं. रोज शिडी लावून मऊ ब्रशानं त्याच्यावरची राख झाडायचो. माझी बायको जुबेदा एकदा दुकानात आली, मान वर करून पाहत म्हणाली, "इस आदमी को मुँह नक्को था क्या?" गिऱ्हाइकांनी तर कहर केला. कुणी विचारलं, हा कुठला देव? एकीनं मनोभावे हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, याला कावीळ झालीय, हिरवा गाल त्याचाच. सिमेंटच्या एका व्यापाऱ्यानं नव्या घरासाठी विकत मागितलं, कारण सोफ्याचा रंग तसाच होता. मी सांगितलं, विकायचं नाही, घरचं माणूस आहे.

आणि हळूहळू मला ते आवडायला लागलं. का, ते मला नीट सांगता यायचं नाही. फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडं बघतात. हा कुणाकडंच बघत नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मान वर करून त्याच्याकडं पाहायचो आणि लग्नातला तो आवाज कानात यायचा.

मास्तरांचं रोज येणं चालूच होतं, पण आता ते बाकावर भिंतीकडं पाठ करून बसायचे. चित्राबद्दल एक अक्षर नाही. मीही विषय काढला नाही. एकदा मात्र चहा पिता पिता आपणहून बोलले.

"लियाकत, मांडव हसला त्याचं मला काई न्हाई. लोकं हसत्यात, इसरत्यात. पन पोरीनं तर तोंडच ठेवलं न्हाई बे."

तेव्हा मला कळलं की त्यांना ते भूत वगैरे काही वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, बोळका बाप पोरीला रंगवावासा वाटला नाही, म्हणून तिनं तोंड पुसून टाकलं. या माणसानं ते दुखणं रोज माझ्या दुकानात आणलं होतं आणि चहाबरोबर गिळून परत नेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

सुट्टीला रेणुका आली. आधी दुकानात डोकावली आणि वर चित्र पाहिल्यावर तिचा चेहरा पडला. "अजून इथेच, चाचा?" म्हणाली. मी तिला दातांचं सगळं सांगितलं. तिला ते मांडवातलं ठाऊकच नव्हतं. तेव्हा ती पुण्यात होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. कपाळावर हात मारून घेतला तिनं. मग सरळ साध्या मराठीत बोलली, जे तिनं पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं.

"चाचा, मी त्यांच्या पायाशी बसायचे. खालून मला त्यांचं तोंड कधी दिसलंच नाही. नळी आडवी यायची. डोकं कुठंतरी लांब वर असायचं. जवळ काय, तर अंगठा. वाद्याचं सगळं वजन त्या अंगठ्यावर असायचं ना. मला झोप यायला लागली की मी त्या अंगठ्याकडं बघत बसायचे. तो हलत नाहीये तोवर बाबा इथेच आहेत."

हे तू त्यांनाच सांग, असं मी म्हणालो. ती म्हणाली, त्यांना मी काही समजवायला लागले की ते उठून जातात. ते खरंच होतं. मग मीच एकदा प्रयत्न केला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता सांगायला लई सुचतंय तिला. विषय तिथंच संपला.

पण एके दिवशी असं झालं की वीज केंद्रातल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुप फोटोंची मोठी ऑर्डर होती आणि माझा बाक फ्रेमांनी भरून गेला होता. मास्तर आले. त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून मी जमिनीवर पोतं टाकून दिलं. आता तिथून तोंड भिंतीकडं. ते बसले, पाठ टेकली, आणि मान आपोआप वर गेली. मी पट्टी कापत होतो. चहा सांगायला वळलो तर ते वर पाहत होते, आणि डाव्या हातानं उजव्या अंगठ्यावरची गाठ चोळत होते. ती गाठ अजून आहे. क्लारनेट सुटलं तरी ती गेली नाही.

"लई वर टांगलंयस," ते म्हणाले.

मी विचारलं, उतरवू का? ते म्हणाले, राहू दे. चहा न पिताच गेले. पुढच्या वेळी रेणुका आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती खूश झाली, पण बाप घरी काही बोलला नाही आणि चित्र दुकानातच राहिलं. मीही आशा सोडून दिली होती.

मग रेणुकाला चित्रांसाठी कुठलासा मोठा पुरस्कार मिळाला आणि गावच्या वाचनालयानं तिचा सत्कार ठरवला. तेच चित्र स्टेजवर ठेवायचं, अशी तिथल्या मंडळाची इच्छा होती. मी शिडी लावून ते उतरवलं, चादरीत गुंडाळून स्वतः नेलं. दारात चहावाल्याभोवती गर्दी होती आणि मला आत शिरता येईना, म्हणून ते मंडळाच्या एका कार्यकर्त्याच्या हातात देऊन मी बाहेर थांबलो. त्यानं ते कुठं ठेवलं हे मी आत आलो तेव्हा पाहिलं, आणि तोवर उशीर झाला होता.

आपल्याकडं कार्यक्रम कुठलाही असो, आधी प्रतिमापूजन होतं. स्टेजवर पांढरं कापड घातलेलं टेबल असतं, त्यावर सरस्वती आणि थोर मंडळींच्या तसबिरी ओळीनं असतात, आणि प्रमुख पाहुणे एकेकाला हार घालत जातात. त्या दिवशीच्या सगळ्या तसबिरी माझ्याच दुकानाच्या होत्या, खिळ्यांसकट. त्या कार्यकर्त्यानं रिकामी जागा पाहून मास्तरांचं चित्र त्याच ओळीत, शेवटी टेकवलं होतं. त्याचं काय चुकलं? त्याच्या हातात फ्रेम आली, त्यानं ती फ्रेमांच्या ओळीत ठेवली. हारही एक जास्तीचा होताच. आणि मास्तर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून.

पाहुणे बाहेरगावचे. निवेदकही बाहेरगावचा, आवाजाचा मोठा धनी. पाहुण्यांनी सरस्वतीला हार घातला, पुढच्याला घातला, त्याच्या पुढच्याला घातला, उदबत्ती ओवाळली. मी मागून हात हलवत होतो, पण मला वाटतं सगळ्यांना वाटलं मी कुणाला तरी नमस्कार करतोय. पाहुणे शेवटच्या फ्रेमपाशी पोचले आणि उदबत्ती तिच्यापुढं खोचली. क्षणभर चित्राकडं पाहून थबकले, पण हात सवयीचा होता, हार वर गेला. खिळे नव्हते. हार घसरला. त्यांनी उचलून परत घातला, परत घसरला आणि टेबलाखाली गेला. तेवढ्यात निवेदकानं कार्यक्रमपत्रिकेतलं चित्राचं नाव वाचून पोकळी भरून काढली आणि माइकवर म्हणाला की आपल्या भूमीचे थोर वादक, कैलासवासी गणपत मास्तर यांनाही आपण अभिवादन करू या.

ज्यांना ठाऊक होतं त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मागून कुणीतरी खुसखुसलं. रेणुका स्टेजवर खुर्चीतून अर्धी उठली होती, तोंडावर हात, डोळे भरलेले. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. आता हे चित्र बाबा आयुष्यात कधी घरात घेणार नाहीत.

मास्तर उठले. धोतर सावरत हळूहळू स्टेजच्या पायऱ्या चढले. कुणाची त्यांना थांबवायची हिंमत झाली नाही. टेबलापाशी वाकून खाली पडलेला हार उचलला, त्याला लागलेली धूळ झटकली आणि स्वतःच्या गळ्यात घातला. मग माइकपाशी जाऊन पाहुण्यांना म्हणाले,

"साहेब, त्याला खिळे न्हाईत. अजून वापरात हाय त्यो."

लोक हसायला लागले होते, तेवढ्यात त्यांनी चित्रापुढं धुमसणाऱ्या उदबत्तीकडं बोट दाखवलं.

"आन ती उदबत्ती तेवढी लांब न्या. मला धुराचा ठसका लागतो."

उदबत्ती चित्रापुढं होती. मास्तर तिच्यापासून चार हात लांब उभे होते. कुणाला ते कळलं, कुणाला नाही, पण सगळं सभागृह हसलं, आणि मास्तरही हसले, बोळकं तोंड पूर्ण उघडून. इतक्या वर्षांत मी त्यांना चारचौघांत तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं. ते रेणुकेकडं वळले आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यापुढं धरला, मापाला धरावा तसा. "एवढा मोठा न्हाई गं," म्हणाले. तिनं तो अंगठा दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. सत्काराला उत्तर म्हणून तिनं भाषण लिहून आणलं होतं, ते तिला वाचता आलंच नाही. मी मागं उभा राहून रडलो, हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर चित्र न्यायला दुकानात आले. रेणुका रिक्षात बसून होती. मी फ्रेम पुसून, कडी घट्ट करून काउंटरवर ठेवली. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी धरली, वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं, आधी एक कोपरा, मग दुसरा.

"कलावतीशेजारी लावायचंय. तिच्या फोटोला खिळे हायत, याला कावून न्हाईत? दोन खिळे मारून दे. उद्या लागतीलच, तवा पोरगी कुठं धावत येईल तुझ्याकडं?"

पितळी खिळ्यांचा डबा माझ्या कोपराशी होता, काठोकाठ भरलेला. मी त्याच्यावर फडकं टाकलं.

"खिळे संपलेत, मास्तर," मी म्हणालो.